प्रोप्रायटरशिपची नोंदणी होते कुठे? पेणचे मूर्तिकार आणि रोह्याच्या फॅब्रिकेटरना कोणते कागद लागतात?

पेण तालुक्यातल्या हमरापूर, जोहे, कळवे या गावांत गणेशमूर्तींच्या कार्यशाळा आहेत, तर रोह्यात धाटाव एमआयडीसीच्या आधाराने फॅब्रिकेशनसारखी छोटी कामं चालतात. असा धंदा करणाऱ्याकडे व्यापारी पक्कं बिल मागतो, बँक फर्मचे कागद मागते. मग प्रश्न येतो: फर्म रजिस्टर करायची कुठे?

नोंदणीचं एकच कार्यालय आहे का?

नाही. भागीदारीसाठी १९३२ चा आणि कंपनीसाठी २०१३ चा कायदा आहे. एकल मालकीसाठी असा स्वतंत्र कायदा किंवा निबंधक नाही. कायद्याच्या नजरेत मालक आणि धंदा एकच असतात. म्हणून पॅन मालकाचंच चालतं, आणि कर्ज थकलं तर जबाबदारीही त्याच्यावरच येते.

मग बँक काय मागते?

मालकाची केवायसी आणि धंद्याचे दोन पुरावे. उद्यम प्रमाणपत्र, शॉप ॲक्टचा कागद, जीएसटी नोंदणी, आयकर विवरणपत्र यांपैकी कोणतेही दोन चालू शकतात. दोन मिळणं शक्य नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्यक्ष पडताळणी करून एका पुराव्यावरही खातं उघडता येतं. मात्र तो निर्णय बँकेचा असतो.

सुरुवात कुठून करायची?

उद्यम: १ जुलै २०२० पासून ही नोंदणी ऑनलाइन होते. आधार आणि पॅन पुरतं, कागद अपलोड करावे लागत नाहीत. सरकारी शुल्क शून्य आहे. एजंट घेतो ते पैसे त्याच्या मेहनतीचे.

शॉप ॲक्ट (गुमास्ता): २०१७ च्या कायद्याने १० पेक्षा कमी कामगार असलेल्यांना नोंदणीऐवजी फक्त ऑनलाइन सूचना द्यायची सोय केली. २०२५ मध्ये ही मर्यादा २० करण्यास राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. ओळखपत्र, मालकाचा फोटो आणि मराठी पाटीसह जागेचा फोटो तयार ठेवावा.

जीएसटी सगळ्यांनाच लागतो का?

नाही. राज्यातल्या राज्यात फक्त माल विकणाऱ्याला वार्षिक ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत, तर सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. इतरांच्या मालावर वेल्डिंग करून देणं ही सेवा ठरते, त्यामुळे रोह्याच्या फॅब्रिकेटरने २० लाखांवर लक्ष ठेवावं.

पेणमध्ये मूर्ती कशाची आहे, हे महत्त्वाचं. मातीच्या मूर्तींवर सप्टेंबर २०१७ च्या जीएसटी परिषदेच्या निर्णयानंतर कर नाही. फक्त शाडूच्या मूर्ती विकणाऱ्याला नोंदणीची गरज नाही. पीओपीला ही सूट नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये पीओपी मूर्ती बनवण्यावरची बंदी उठवली. आता दोन्ही प्रकार विकणाऱ्याच्या उलाढालीत शाडूच्या मूर्तींची विक्रीही धरली जाते. पीओपी मूर्ती राज्याबाहेर पाठवायच्या असतील, तर आधी कर सल्लागाराला विचारावं.

अडतं कुठे?

बहुतेकदा जागेच्या कागदावर. जीएसटीसाठी वीजबिल किंवा घरपट्टीची पावती लागते. कार्यशाळा वडिलांच्या नावावरच्या घरात असेल तर त्यांचं संमतीपत्र जोडावं लागतं, भाड्याची असेल तर भाडेकरार. पॅन, आधार आणि बँक खात्यावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का, हे अर्ज भरण्याआधीच पाहावं.

पापड-पोह्यांसारखा खाद्यपदार्थांचा धंदा असेल तर तो कितीही छोटा असो, एफएसएसएआयची नोंदणी वेगळी करावी लागते.