पगार मोठा, की संध्याकाळ मोकळी?

मारतहळ्ळीतल्या आयटीवाल्या मराठी घरांत हा प्रश्न हमखास निघतो: मोठ्या पगाराची नोकरी घेऊन पंचेचाळिशीत निवृत्त व्हायचं, की कमी पैशांत वेळेवर घरी यायचं?

आधी हिशेब मांडा. अमेरिकेतल्या विल्यम बेंगन यांच्या १९९४ च्या अभ्यासातून एक ठोकताळा रूढ झाला: निवृत्तीसाठी वर्षाच्या खर्चाच्या २५ पट पुंजी हवी. तो ३० वर्षांच्या निवृत्तीसाठी होता. लवकर थांबणाऱ्याने त्याहून जास्तच धरावी.

इथे मोजायचा आहे तो खर्च, पगार नव्हे. समजा, नव्या नोकरीत महिन्याला ५०,००० रुपये जास्त हातात येतात. त्यातले २५,००० कॅब, बाहेरचं जेवण, पाळणाघराचे जादा तास यांत जातात आणि तोच खर्च पुढे अंगवळणी पडतो. मग बचत वर्षाला ३ लाखांनी वाढली खरी, पण पुंजीचं लक्ष्यही ७५ लाखांनी वाढलं!

आता वेळ मोजा. आउटर रिंग रोडवर रोज दोन तास जादा गेले, तर २४० दिवसांत ४८० तास होतात. आठ तासांचे ६० दिवस. मुलं शाळेत असतानाचे हे दिवस पंचेचाळिशीनंतर परत मिळत नाहीत.

म्हणून ऑफर स्वीकारण्याआधी दोघांनी बसून तीन गोष्टी लिहा: खर्च किती वाढेल, ही धावपळ किती वर्षं चालेल आणि नोकरी सुटल्यावर कंपनीचा आरोग्य विमा थांबला तर काय? खर्च आहे तिथेच राहणार असेल आणि थांबायची तारीख ठरली असेल, तर जरूर घ्या. नाहीतर मोकळी संध्याकाळही कमाईच आहे.