घट कुंभाराच्या दारचा

घटस्थापना तोंडावर आली, की करवीरनगरीस आई अंबाबाईच्या उत्सवाचे वेध लागतात. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ साली उत्खनन झाले, तेव्हा मातीच्या भांड्यांसमवेत काचेच्या बांगड्याही सापडल्या. देवीचा घट आणि देवीचा चुडा, दोहोंची परंपरा या भूमीत इतकी जुनी! चुडा आता बहुधा फिरोजाबादेहून येतो, ते असो. घट मात्र आजही शाहूपुरीच्या, गंगावेशीच्या कुंभार गल्लीत मिळतो.

अलीकडे रंगरोगण केलेले चकचकीत घट अनेक देवघरांत आम्हांस दिसतात. देखणे खरे; पण रंगाने मातीची सूक्ष्म छिद्रे बुजतात. साध्या भाजल्या घटातून पाणी हळूहळू पाझरते, भोवतीची काळी माती ओलसर राहते आणि दसऱ्यापर्यंत धान वीतभर वाढते. तांब्याचा कलश पूज्यच, परंतु तो पाझरत नाही.

पावसाच्या दिवसांत माती वाळविणे, आवा लावणे किती जिकिरीचे! चार रुपयांसाठी तिथे घासाघीस करणे आम्हांस तरी प्रशस्त वाटत नाही. हे चाक थांबले, तर घट आणावा कोठून? मात्र घेताना घट टिचकीने वाजवून पाहावा. खणखणीत वाजला, तर निःशंक घरी आणावा.