थेंब घालून बसलेल्या बाईशी कोण बोलणार?

गेल्या वर्षी लालबागच्या आमच्या चाळीतल्या एका काकूंना घेऊन मी परळच्या एका रुग्णालयात डोळ्यांच्या विभागात गेले होते. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं काकूंना वाटत होतं. सकाळी आठला केस पेपरच्या रांगेत उभ्या राहिलो. साडेदहाला परिचारिकेने डोळ्यांत थेंब घातले आणि बाकड्यावर डोळे मिटून बसायला सांगितलं. तासाभराने डॉक्टरांनी पडदा तपासला. "मधुमेहाचा पडद्यावर परिणाम झालाय. लेझर करावं लागेल. साखर सांभाळा," असं म्हणून त्यांनी पुढचा नंबर पुकारला.

जिना उतरताना काकूंनी विचारलं, "साखर सांभाळायची म्हणजे काय गं? चहातली तर मी कधीच बंद केली."

तपासणीला दोन मिनिटं लागली, बाकड्यावर तास गेला. त्या तासात तिथल्या तीस-चाळीस माणसांशी कुणी अवाक्षर बोललं नाही. भिंतीवर तक्ते होते, हातात पत्रक होतं. पण थेंब घातल्यावर जवळचं धूसर दिसतं. ते वाचायचं कुणी?

माझं म्हणणं असं, की मधुमेहाचं शिक्षण त्या बाकड्यावरच, तोंडी मिळालं पाहिजे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी माणसांना मधुमेह आहे. हा आजार सुरुवातीला दुखत नाही. पडदा बिघडू लागला तरी बराच काळ नीट दिसत असतं. त्रास सुरू होतो तेव्हा उशीर झालेला असतो, आणि लेझरने बहुधा आहे ती नजर टिकते, गेलेली परत येत नाही. उलट साखर व रक्तदाब ताब्यात ठेवले तर डोळ्यांची हानी कमी होते, हे १९९८ साली ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासाने दाखवून दिलं. म्हणजे डोळे वाचवण्याचं निम्मं काम स्वयंपाकघरात होतं, आणि त्याबद्दल दवाखान्यात कुणी बोलत नाही.

काय सांगायचं? दिसत असलं तरी वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यायचा. तीन महिन्यांची साखर दाखवणारी रक्ततपासणी कशासाठी असते. चहातली साखर सोडली तरी भात आणि उपासाचा साबुदाणा साखर वाढवतातच. काही गोळ्या घेऊन उपाशी राहिलं तर साखर एकदम उतरते. गरोदरपणात मधुमेही बाईचे डोळे लवकर बिघडू शकतात.

डॉक्टरांना वेळ नाही, हे मला मान्य आहे. पण हे काम डॉक्टरांचंच कशाला हवं? परिचारिका, आरोग्यसेविका, वस्तीतली शिकवून तयार केलेली बाई ते उत्तम करील.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. अमेरिकेत ४२ ठिकाणी, १,७०० हून अधिक मधुमेहींवर हाच प्रयोग झाला. डोळ्यांच्या दवाखान्यातच रक्त तपासून प्रत्येकाला त्याच्या धोक्याची माहिती दिली. २०१५ साली निष्कर्ष आले: वर्षभरानंतर साखरेत फरक पडला नव्हता. मग शिकवून उपयोग काय?

मला यात वेगळं दिसतं. नुसत्या माहितीने जगणं बदलत नाही, हे आपल्याला चळवळीत कधीच कळलेलं आहे. पुरुष रुग्ण असला की बायको शेजारी बसते, पथ्य तिला सांगितलं जातं आणि ती ते करते. बाई रुग्ण असली की ती बहुधा एकटी येते. थेंब घालून एकटीने रस्ता कसा ओलांडायचा, म्हणून कित्येकजणी तपासणीच टाळतात. घरी तिच्यासाठी वेगळी भाजी कोण करणार? उरलेला भात टाकायचा नाही म्हणून तो तीच खाते. सगळ्यांची जेवणं होईस्तोवर गोळी घेऊन ती उपाशी राहते. आणि घरात पैसा कमी पडला की पहिली बंद होते ती तिची गोळी.

म्हणून बाकड्यावरचं शिक्षण एकट्या बाईला देऊन भागणार नाही. सोबत आलेल्या नवऱ्याला, मुलाला, सुनेलाही तिथेच बसवून सांगायला हवं. दोन महिन्यांनी तीच ताई पुन्हा भेटायला हवी. गोळ्या आणि तीन महिन्यांची तपासणी त्याच दवाखान्यात मोफत मिळायला हवी. ही मागणी आपण पालिकेकडे आणि सरकारकडे लावून धरली पाहिजे. तोवर गिरगाव, दादर, परळच्या गटांनी रुग्णालयाची परवानगी घेऊन आठवड्यातली एक सकाळ त्या बाकड्यावर बसायला काय हरकत आहे?

काकूंचं लेझर झालं. आता सून सगळ्यांसाठीच भात कमी टाकते. त्यासाठी मला तीनदा त्यांच्या घरी जाऊन बसावं लागलं. तुमच्या भागात कुणी असं काही करून पाहिलं असेल तर जरूर लिहा. फसलं असेल तर का फसलं, तेही लिहा.