जीवदयेची कीर्द

मार्केट यार्डातील एका आडतदुकानाच्या गोदामात, तुरीच्या पोत्यांमागे मांजर व्याली. मागील खेपेस याच जागी तिची तीन पिले आठवड्याच्या आत गेली होती. घरातील प्रत्येक जण रोज डोकावून जात असे आणि ‘बरी आहेत’ असे सांगत असे. सर्वांनी पाहिले होते. मोजले मात्र कोणीच नव्हते.

या खेपेस चार पिले होती. आजींनी नातवाच्या हाती ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा आणि जुन्या कीर्दीतील एक कोरे पान दिले. काळे, पांढरे, ठिपक्याचे आणि धाकटे अशी चार खाती मांडली गेली. रोज सकाळी मांजर खाण्यासाठी बाहेर पडली की हात स्वच्छ धुवायचे, वाटीत मऊ कापड घालून एकेक पिलू तोलायचे आणि लगेच जागेवर ठेवायचे, असा क्रम ठरला.

नवजात पिलाचे वजन साधारणतः ९० ते ११० ग्रॅम असते. ते रोज १० ते १५ ग्रॅमने वाढावे आणि दोन आठवड्यांत सुमारे दुप्पट व्हावे, अशी अपेक्षा असते. पहिल्या दिवशी किंचित घट होऊ शकते. त्यानंतर मात्र घट किंवा संपूर्ण दिवसात न झालेली वाढ ही धोक्याची सूचना समजावी. या वयात पिलाला स्वतःची ऊब राखता येत नाही आणि आईने चाटल्यावाचून मलमूत्रविसर्जनही होत नाही. अंगात साठा नसल्याने दुखणे डोळ्यांना दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. ताळेबंदात तोटा वर्षअखेरीस कळतो, कीर्दीत त्याच संध्याकाळी. काट्याचे महत्त्व हेच आहे.

धाकट्याच्या खात्यात नोंदी झाल्या : ८८, ९६, १०३, १०३, ९८. उरलेली तिन्ही वाढत होती. पाचव्या दिवशी धाकटे इतरांपासून दूर पडलेले आढळले. तोंडात बोट घातले तर आतून गार लागले. आजींनी मायेने गाईच्या दुधात कापसाची वात भिजवली. तोच नातवाने पशुवैद्यांना दूरध्वनी केला आणि ती वात बाजूला राहिली.

पशुवैद्यांनी दोन गोष्टी बजावल्या. गारठलेल्या पिलाला आधी ऊब द्यावी, मगच दूध. गार अंगाला दूध पचत नाही. शिवाय गाईच्या दुधाने जुलाब होण्याचा संभव असतो, म्हणून पिलांसाठी मिळणारी दुधाची भुकटीच वापरावी. पाजताना पिलू पालथे असावे. उताणे धरल्यास दूध श्वासनलिकेत जाऊ शकते.

कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवली गेली. सशक्त भावंडे धाकट्याला आचळापासून ढकलत होती, म्हणून ते आईजवळ ठेवूनच वरचे दूध दर दोन-तीन तासांनी सुरू झाले. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही न घेणाऱ्या आजी रात्री दोन वाजता उठून त्या पिलाला पाजत होत्या. सहाव्या दिवशी ९८ च राहिले, सातव्या दिवशी १०४ झाले. एकविसाव्या दिवशी नातवाने २०४ लिहिले.

वजनाबरोबर आणखी काही खुणा ध्यानात ठेवाव्यात. सतत रडणे, फिकट हिरड्या, जुलाब, नाभीला सूज किंवा पू, अंगावर पिसवा यांपैकी काहीही आढळल्यास पशुवैद्यांना गाठावे. वाट पाहण्यात गेलेला एक दिवसही मोठा असतो.

जैन आचारात चालताना, बोलताना, वस्तू उचलता-ठेवताना जयणा सांगितली आहे. दाराशी आलेल्या जिवाला दूध ठेवणे ही दया खरी. तिला रोजच्या नोंदीची जोड मिळाली, तर ती वेळेवर पोहोचते. त्यासाठी दहा मिनिटे आणि कीर्दीचे एक पान पुरते.