शिदोरी कोणी बांधली?

युरोपातील एखाद्या शहरात सहकुटुंब घालवलेल्या दिवसाचे वर्णन ही वाङ्मय म्हणून विचारात घेण्याजोगी गोष्टच नव्हे, असा आपल्याकडील अभ्यासकांचा सर्वसाधारण समज आहे. सकाळी कोलोसियम, दुपारी व्हॅटिकन, सायंकाळी त्रेवी कारंजे आणि मध्ये कोठेतरी खाणेपिणे, हा रोमचा साचा दिवाळी अंकांपासून गृहसंकुलांच्या स्मरणिकांपर्यंत सर्वत्र आढळतो. आमच्या ठाकुर्ली-डोंबिवलीकडे तर मुलांकडे परदेशी जाऊन आलेल्या आईवडिलांचे असे लेखन सहज वाचायला मिळते. ‘सगळे खाण्याविषयीच लिहितात’ ही त्यावरची नेहमीची टीका. मला मात्र वाटते, की या लेखनाचा दोष नेमका उलटा आहे. खाण्याविषयी ते पुरेसे लिहीतच नाही.

ठाकुर्लीनंतरचे स्थानक कल्याण. त्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस गेल्या. आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परतणार, असे त्यांनी निघण्यापूर्वी सेरामपूर येथील भाषणात जाहीर केले होते. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण धर्म बदलूनही त्यांनी शाकाहार सोडला नाही. पुढे १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहाने टिळक-रानड्यांसारख्यांना प्रायश्चित्तापर्यंत नेले. त्यासाठी समुद्र ओलांडण्याचीही गरज पडली नाही. पानात किंवा पेल्यात काय आहे, हा तेव्हा रुचीचा प्रश्न नव्हता. आपण कोण आहोत, याचा होता.

तो प्रश्न मिटला, असे मानण्याचे कारण नाही. पार्मेझान चीजसाठी वासराच्या जठरातील रेनेट वापरले जाते. रोममधल्या एखाद्या खाणावळीत हे ऐनवेळी कळले, तर एकाच टेबलावर तीन पिढ्या तीन प्रकारे वागतात. आजी ताट बाजूला सारते, मुलगा ‘इथे असेच असते’ म्हणतो आणि नात खात राहते. एका कुटुंबाचा शतकभराचा इतिहास त्या पाच मिनिटांत उघडा पडतो. छापील वर्णनात मात्र उरते एवढेच : ‘नंतर आम्ही पास्त्याचा आस्वाद घेतला.’

दुसरे मौन याहून गंभीर आहे. अशा दिवसाची शिदोरी पुष्कळदा मुक्कामाच्या जागीच होते. बाहेरचे दर रुपयांत मोजून पाहिलेले असतात, पथ्यपाणी असते, सवयही असते. दशम्या, बटाट्याची भाजी, दहीभात. कोलोसियमच्या रांगेत नऊला उभे राहायचे, तर कोणीतरी पाचला उठलेले असते. ते ‘कोणीतरी’ बहुधा घरातली बाई असते आणि वर्णन लिहिणारा बहुधा दुसराच कोणी असतो. परिणामी ‘घरचे डबे काढले’ या वाक्यात डबे जणू आपोआप भरलेले असतात. जिची त्या दिवशीही सुट्टी झाली नाही, तिने रोम कसे पाहिले, हे आपल्याला कळतच नाही.

पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’चे (१९६०) स्मरण येथे अपरिहार्य आहे. त्यातला विनोद युरोपच्या भव्यतेपेक्षा त्या भव्यतेपुढे बिचकणाऱ्या मध्यमवर्गीय मनावर अधिक पोसलेला आहे. अनुकरण झाले ते शैलीचे. स्वतःचे बिचकणे तपासण्याची ती वृत्ती मात्र मागे पडली. कोट्या उरल्या, कबुली गेली.

यावर कोणी म्हणेल, की आयुष्यभर काटकसर करून लाभलेल्या एका आनंदाच्या दिवसावर समीक्षेचे एवढे ओझे कशाला? आक्षेप रास्त आहे. लिहिणाऱ्याच्या आनंदाला माझी हरकत नाही, आणि परदेशात दशमी खाण्यात कमीपणाही नाही. परंतु आनंद खरा असेल, तर त्याची किंमत सांगितल्याने तो उणावत नाही. आणि ती ज्याने मोजली त्याचे नाव गाळल्याने लेखन मात्र उणावते.

प्रवासवर्णन शिकवणाऱ्या अध्यापकांना म्हणूनच एक सुचवावेसे वाटते. विद्यार्थ्यांना नामवंत ग्रंथांबरोबर एखादी स्मरणिकाही वाचायला द्यावी आणि तीन प्रश्न विचारावेत : त्या दिवशी कोण काय जेवले, कोणी काय नाकारले, आणि डबा कोणी भरला? पानभर वर्णनात या तिन्हींची उत्तरे मिळाली नाहीत, तर ते शहराचे वर्णन असेल, कुटुंबाचे नव्हे.