विजेचे सूर आणि आमचे सोवळे

विजेच्या यंत्रातून निघते ते संगीतच नव्हे, असे आमच्या एका विद्वान गायक स्नेह्यांनी परवा भर बैठकीत ठणकावले. “त्यात श्वास कुठे आहे?” हा त्यांचा सवाल. माना डोलावणाऱ्यांपैकी कित्येकांच्या घरी इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावर रियाज चालतो, हे मला ठाऊक होते. पण ते असो.

मला आठवली काइया सारिआहो. १९५२ साली हेलसिंकीत जन्मलेली ही संगीतकार १९८२ मध्ये पॅरिसच्या ‘इर्कम’ या संशोधनसंस्थेत आली आणि २०२३ मध्ये त्याच शहरात वारली. तिचे ‘नोआनोआ’ (१९९२) स्नेह्यांनी एकदा ऐकावे. एक फ्लूट आणि सोबतीला यंत्र, एवढाच संसार. वादक फुंकता फुंकता वाद्यातच शब्द कुजबुजतो, पायाखालच्या पेडलने ध्वनिमुद्रित आवाजांना हाक घालतो. जो फुत्कार एरवी दोष म्हणून दडवायचा, तोच येथे मुख्य द्रव्य होऊन बसतो. श्वास कुठे म्हणता? श्वासाखेरीज तिथे आहे काय?

निर्भेळ सूर आणि खरखर ही तिच्या लेखी एकाच वाटेची दोन टोके. त्या वाटेवरच्या येरझाऱ्यांतून ती ताण निर्माण करी. हे परके वाटते? मग आपण तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी काढतो, ती कशासाठी? नुसती स्वच्छ तार कोरडी लागते म्हणूनच ना!

यंत्रसंगीताच्या नावाखाली पुष्कळ पोरकट घरघर चालते, हे मला मान्य आहे. पण वाईट ख्याल ऐकून कोणी ख्यालगायकी बुडवा म्हणत नाही. सोवळेकऱ्यांचा इतिहासही काही उजळ नाही. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीला दार बंद केले, ते किलकिले व्हायला १९७१ उजाडले. आणि सारिआहोचा ‘लामूर द ल्वाँ’ हा ऑपेरा, साल्झबुर्गला २००० साली गाजलेला, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये २०१६ साली झाला. त्याआधी त्या रंगमंचावर स्त्रीने रचलेला ऑपेरा झाला होता तो १९०३ साली!

हे सारे मी बोलणार होतो. तेवढ्यात स्नेही स्वतःच गायला बसले, आणि षड्ज लावण्यापूर्वी त्यांनी माइकवाल्याला खूण करून ‘एको’ थोडा वाढवायला सांगितले.