गाणे कोणाचे, पावती कोणाच्या नावाची?



रॉक संगीत म्हटले की लांब केसांचे गोरे तरुण, विजेवरची गिटार आणि कान बधिर करणारा आवाज एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. घरातली मुले ते मोबाईलवर ऐकतात, वडीलधारी माणसे 'आवाज कमी कर' म्हणून ओरडतात आणि विषय तिथेच संपतो. श्रीमंत देशांतल्या श्रीमंत पोरांचे हे संगीत, असा आपला समज. परंतु या संगीताचा पाया ज्यांनी घातला ते गोरेही नव्हते आणि श्रीमंत तर मुळीच नव्हते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापसाच्या शेतांवर राबणारे ते कृष्णवर्णीय मजूर होते. त्यांच्या गाण्याला ब्लूज म्हणतात.

अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने १८६५ साली संपली. जमीन मात्र मालकांकडेच राहिली. मिसिसिपी राज्यात गुलामांची मुले-नातवंडे अर्धेलीने शेती करू लागली. बियाणे, खेचर, पीठ-मीठ सारे मालकाच्या दुकानातून उधारीवर. वर्षाअखेर कापूस मोजला जाई आणि हिशेबाची वही मालकाच्याच हातात असे. त्या वहीत मजुराकडे बहुधा देणेच निघे. अशा वस्त्यांमध्ये शनिवारच्या रात्री जे गाणे होई, ते ब्लूज.

त्याची बांधणी अगदी साधी आहे. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे. चार-चार मात्रांचे बारा खंड आणि गिटारचे तीन कॉर्ड, एवढेच भांडवल. काहीजण बाटलीच्या मानेचा तुकडा बोटात घालून तारेवर घासत, त्यामुळे गिटार माणसासारखी कण्हत असे. सूर सरळ न लावता थोडा दाबून, वाकवून लावायचा ही त्यातली खरी खूण. पुढे रॉकच्या गिटारवादकांनी जे जे केले, त्यातले बरेचसे या तीन ओळींत आणि या वाकवलेल्या सुरांत आधीच होते.

ब्लूजची पहिली मोठी विक्री झाली ती स्त्रियांच्या आवाजात. १९२० साली मेमी स्मिथ या गायिकेची 'क्रेझी ब्लूज' ही तबकडी निघाली. ती इतकी खपली की गिऱ्हाईक कृष्णवर्णीयांमध्येही आहे, याचा कंपन्यांना शोध लागला. १९२३ पासून बेसी स्मिथ तबकड्यांसाठी गाऊ लागली आणि तिने सर्वांना मागे टाकले. तिच्या तबकड्या लाखोंनी खपल्या. पण तिच्या करारात विक्रीवरचा हिस्सा नव्हता. सुरुवातीला एका गाण्याचे १२५ डॉलर एकरकमी मिळत, मग तबकडी शंभर खपो की लाख खपो.

१९३७ साली मिसिसिपीत मोटार अपघातात ती मरण पावली. गोऱ्यांच्या इस्पितळाने दार लावून घेतल्यामुळे ती मेली, अशी कथा पुढे अनेक वर्षे छापली गेली. ती खरी नाही. तिला सरळ क्लार्क्सडेल गावातील कृष्णवर्णीयांच्या इस्पितळात नेले होते. गोऱ्यांच्या इस्पितळात न्यावे, हा विचारच तेव्हा तिथे कोणाच्या मनात येत नसे. मला ही खरी हकीकत त्या कथेहून भयंकर वाटते. दार लावण्याची वेळसुद्धा कोणावर आली नाही.

फिलाडेल्फिया शहराजवळ तिची कबर ३३ वर्षे नावाच्या दगडाविना पडून होती. १९७० साली दोघींनी मिळून दगड बसवला. एक होती रॉक गायिका जॅनिस जॉप्लिन, जी बेसीचे गाणे ऐकून गायला शिकली. दुसरी जुआनिटा ग्रीन, जिने लहानपणी बेसीच्या घरची धुणी-पुसणी केली होती.

ब्लूज शेतातून शहरात कसे आले, हे मडी वॉटर्सच्या आयुष्यावरून कळते. १९४१ साली ॲलन लोमॅक्स हा संशोधक अमेरिकन संसदेच्या ग्रंथालयासाठी लोकगीते गोळा करत मिसिसिपीत फिरत होता. स्टोव्हॉलच्या मळ्यावर ट्रॅक्टर चालवणाऱ्या मडीचे गाणे त्याने त्याच्या खोपटात ध्वनिमुद्रित केले. त्याबद्दल मडीला २० डॉलर आणि तबकडीच्या दोन प्रती मिळाल्या. स्वतःचा आवाज तबकडीवर ऐकल्यावर त्याला आपण कोण आहोत हे कळले. १९४३ साली तो शिकागोला गेला आणि कागदाच्या कारखान्यात लागला. तिथल्या दारूच्या गुत्त्यांत गर्दी आणि गोंगाट इतका, की साध्या गिटारचा आवाज पहिल्या टेबलापलीकडे जात नसे. म्हणून त्याने विजेची गिटार घेतली. विजेवरच्या गिटारचा तो कर्कश, भरदार आवाज असा गरजेपोटी पुढे आला. त्याच्यासोबत ढोल, पियानो आणि तोंडाने वाजवायचा बाजा आला आणि रॉकच्या वाद्यवृंदाचा साचा तयार झाला.

या तबकड्या समुद्र ओलांडून इंग्लंडला गेल्या. १९६१ साली डार्टफर्ड स्टेशनच्या फलाटावर मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स ही दोन मुले भेटली. जॅगरच्या काखेत चक बेरी आणि मडी वॉटर्स यांच्या तबकड्या होत्या, त्यावरून बोलणे निघाले. पुढच्याच वर्षी त्यांनी आपल्या बँडला नाव दिले ते मडीच्या १९५० सालच्या गाण्यावरून, रोलिंग स्टोन्स.

इथपर्यंत ही शिकण्या-शिकवण्याची गोष्ट झाली आणि त्यात वावगे काही नाही. ब्लूज गाणारेही एकमेकांच्या ओळी सर्रास उचलत. एकाची ओळ दुसऱ्याच्या गाण्यात, दुसऱ्याची चाल तिसऱ्याच्या. सगळेच कफल्लक असल्यामुळे कोणी कोणाकडे हिशेब मागितला नाही. हिशेबाचा प्रश्न उभा राहिला तो पैसा आल्यावर, आणि तिथे जमा-नावेची रीत समजून घेतली पाहिजे.

एका गाण्याचे उत्पन्न दोन खात्यांत जाते. एक खाते गाणाऱ्याचे, दुसरे गाणे रचणाऱ्याचे. तेच गाणे उद्या दुसऱ्याने गायले तर पहिल्या गायकाला काही मिळत नाही, रचणाऱ्याला मात्र मिळते. म्हणून तबकडीच्या लेबलवर रचनाकार म्हणून कोणाचे नाव आहे आणि हक्काचा कागद कोणाच्या कपाटात आहे, यावर सारे अवलंबून असते.

बिग मामा थॉर्नटन हिने 'हाउंड डॉग' हे गाणे १९५२ साली गायले. पुढच्या वर्षी ते कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. गाणे दोन गोऱ्या तरुणांनी रचलेले, पण त्यात जीव भरला तो तिने. तिच्याच सांगण्याप्रमाणे तिला एकूण ५०० डॉलर मिळाले. १९५६ साली एल्व्हिस प्रेस्लीने ते गायले आणि जगभर झाले. कायद्याने तिचा त्यात एक पैसाही येणे नव्हता.

आर्थर क्रडपचे तसे नव्हते. 'दॅट्स ऑल राइट' हे त्याचे स्वतःचे गाणे, १९४६ साली मुद्रित झालेले. १९५४ साली एल्व्हिसची पहिली तबकडी निघाली ती याच गाण्याची. लेबलवर क्रडपचे नावही होते. पण हक्काचे कागद व्यवस्थापकाने आपल्या कंपनीकडे घेतलेले. क्रडप व्हर्जिनियात शेतमजुरी करत राहिला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ६०,००० डॉलरवर तडजोड ठरली. मुलांना घेऊन तो न्यूयॉर्कला गेला, कागदांवर सही केली आणि ऐनवेळी कंपनीने नकार दिला. १९७४ साली तो वारला. पैसे आले ते त्यानंतर, वारसांच्या हाती.

विली डिक्सन मात्र वेगळ्या मातीचा होता. दुसऱ्या महायुद्धात, जो देश मला माणूस मानत नाही त्याच्यासाठी मी लढणार नाही, अशी भूमिका घेऊन तो तुरुंगात गेला होता. शिकागोत मडी वॉटर्सची कितीतरी गाजलेली गाणी त्यानेच लिहिली. १९६२ साली मडीने त्याचे 'यू नीड लव्ह' गायले. १९६९ साली लेड झेपेलिन या इंग्रजी बँडचे 'होल लोटा लव्ह' आले, त्यात डिक्सनच्या ओळी होत्या, नाव नव्हते. ही गोष्ट लक्षात आली ती त्याच्या मुलीच्या. १९८५ साली डिक्सन कोर्टात गेला, १९८७ साली तडजोड झाली आणि आज त्या गाण्याखाली त्याचे नाव छापले जाते. ब्लूज कलावंतांना हक्काचे पैसे मिळवून देण्यासाठी त्याने संस्था काढली. त्याच्या मृत्यूनंतर पत्नी मेरी हिने शिकागोतील चेस कंपनीची जुनी इमारत, जिथे त्याने नोकरी केली तीच, १९९३ साली संस्थेसाठी विकत घेतली.

सगळेच गोरे वादक एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. क्रीम या बँडने १९६६ साली स्किप जेम्सचे १९३१ सालचे 'आय एम सो ग्लॅड' गायले आणि रचनाकार म्हणून त्याचेच नाव छापले. तो तेव्हा कर्करोगाने आजारी होता. त्या पैशातून त्याचे उपचार झाले. १९६५ साली अमेरिकन टेलिव्हिजनवर बोलावणे आले तेव्हा रोलिंग स्टोन्सनी अट घातली की हाउलिन वुल्फलाही बोलवा, आणि तो गात असताना ते त्याच्या पायाशी बसले. नाव छापायला खर्च येत नाही, हे यातून दिसते.

रॉबर्ट जॉन्सनचे प्रकरण तर मरणानंतर साठ वर्षे चालले. १९३६ आणि १९३७ साली त्याने २९ गाणी मुद्रित केली आणि १९३८ साली वयाच्या २७ व्या वर्षी तो मेला. क्रीम, रोलिंग स्टोन्स सगळ्यांनी त्याची गाणी गायली. रोलिंग स्टोन्सनी १९६९ साली 'लव्ह इन व्हेन' घेतले तेव्हा रचनाकार म्हणून भलतेच नाव छापले होते. १९९० साली त्याची सर्व गाणी एकत्र निघाली, ती दहा लाखांवर खपली. आता या पैशाचा वारस कोण?

क्लॉड जॉन्सन नावाचा खडी वाहणारा ट्रक ड्रायव्हर पुढे आला. आपण त्याचा मुलगा, असे त्याचे म्हणणे. आई-वडिलांचे लग्न झालेले नव्हते. लहानपणी वडील एकदा अंगणापर्यंत आले होते, पण हा सैतानाची गाणी गातो म्हणून आजोबांनी नातवाला बाहेर सोडले नाही, एवढीच त्याची आठवण. कोर्टात आईच्या मैत्रिणीने साक्ष दिली. १९९८ साली निकाल क्लॉडच्या बाजूने लागला, २००० साली मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला, आणि दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम त्याच्याकडे आली. पुराव्यात १९३१ सालचा त्याचा जन्मदाखला होता. त्यात वडिलांचे नाव आर. एल. जॉन्सन असे लिहिले होते आणि व्यवसायाच्या रकान्यात, मजूर.